एकोणीस सेंटांचा बर्गर

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल नावाचे शहर आहे. बंदर, लाकूड आणि बोइंग कंपनीचे विमानांचे कारखाने यांच्या जोरावर ते वाढले. आमच्यासारख्या कामगार चळवळीतील माणसांना ते ठाऊक असते ते 1919 सालच्या सार्वत्रिक संपामुळे. त्या फेब्रुवारीत सुमारे 65,000 कामगारांनी पाच दिवस काम थांबविले, आणि संपकऱ्यांनी स्वतः भोजनगृहे चालवून रोज हजारो माणसांना जेवू घातले. आज आम्ही सांगणार आहोत ती त्याच शहरातील एका खाण्याच्या दुकानाची हकीगत. त्या संपाशी दुकानाचा काही संबंध नाही. पण कष्टकऱ्याने घाईच्या वेळी चार घास कोठे आणि कितीला खावे, हा प्रश्न मात्र तोच आहे.

1954 च्या जानेवारीत वॉलिंगफर्ड या वस्तीत डिक स्पेडी आणि त्यांच्या दोन भागीदारांनी ‘डिक्स ड्राइव्ह-इन’ उघडले. बर्गर म्हणजे गोल पावात घातलेली, तव्यावर भाजलेली खिम्याची चकती. तिकडे ती गोमांसाची असते. तिची किंमत ठेवली एकोणीस सेंट. त्या वेळी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरविलेले किमान वेतन तासाला 75 सेंट होते. म्हणजे तासाभराच्या मजुरीत जवळजवळ चार बर्गर! किंमत मोजण्याची आमची ही जुनी खोड आहे, श्रोत्यांनी क्षमा करावी. परंतु वस्तू स्वस्त की महाग, हे मजुरीच्या तासांत मोजल्याखेरीज कळत नाही.

हे जमले कसे? दुकानात वाढपी नव्हते, बसावयास टेबलखुर्च्या नव्हत्या. खिडकीशी उभे राहावे, पैसे द्यावे, पुडी घ्यावी. पदार्थ मोजके: बर्गर, बटाट्याचे हातांनी कापून तळलेले काप, दुधाचे शेक. ‘मला कांदा नको, अमुक घाला’ असा हट्ट तेथे चालत नसे, आणि केचप हवा तर त्याचे पैसे वेगळे. गिरणीच्या दरवाजाशी वडापावच्या गाडीजवळ उभे राहून खाल्लेल्या माणसाला यातील गोडी वेगळी सांगावयास नको. तेथे कोणी तुमचे कपडे पाहत नाही. रात्री दोनपर्यंत दिवे चालू असतात, आणि विद्यार्थी, वकील व रात्रपाळीचा कामगार एकाच रांगेत उभे असतात.

वस्तुतः ही युक्ती स्पेडी यांची एकट्याची नव्हे. कॅलिफोर्नियात मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 सालीच असा कारखानदारी बेत केला होता, आणि 1955 पासून रे क्रॉक यांनी तो देशभर पसरविला. कामाचे तुकडे पाडावे, हात चटचट चालवावे आणि कारागिराची गरज उरू देऊ नये! असल्या पद्धतीकडे आम्ही नेहमी संशयाने पाहत आलो आहोत, कारण तिच्यातून होणारी बचत बहुधा एकाच खिशात जाते. पुढे देशभर याच धंद्यातील नोकरी ही हलक्या पगाराच्या नोकरीचा नमुना ठरली.

डिक्सच्या बाबतीत मात्र हा हिशेब वेगळा लागला, आणि आमचे कुतूहल तेथेच जागे झाले. कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा अधिक पगार, ठराविक तास काम करणाऱ्यांना आरोग्यविमा, आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती! तव्यापुढे उभा असलेला मुलगा उद्या पदवी घेऊन बाहेर पडेल, हे तेथे गृहीतच धरलेले. वाढीचा हव्यासही नव्हता. 1974 पासून 2011 पर्यंत या मंडळींची दुकाने अवघी पाच होती. सहावे कोठल्या दिशेला काढावे यासाठी त्यांनी लोकांची मते मागविली, आणि ते एडमंड्सला निघाले. मध्यंतरी 1970 च्या सुमारास बोइंगमध्ये प्रचंड कपात झाली, आणि सुमारे एक लाखावर गेलेली कामगारसंख्या चाळीस हजारांच्या आत आली. तशा दिवसांतही ही खिडकी उघडी होती. ज्या शहराने एवढे पाहिले, ते अशा दुकानाला ‘आपले’ म्हणते यात नवल नाही.

तथापि आमच्या मनात एक खटका राहतो. मालकाने आपखुशीने दिलेले ते मालकाच्या मर्जीवर असते. मालक 2016 साली वारले. त्यांच्या घराण्याने ती रीत चालू ठेवली ही चांगली गोष्ट. पण त्याच शहरातील इतर खाद्यगृहांतल्या पोरांना असा मालक लाभला नव्हता. ती 2013 च्या मे महिन्यात कामावरून बाहेर पडली, ताशी पंधरा डॉलरची मागणी करीत रस्त्यावर आली; आणि 2 जून

2014 रोजी नगरपरिषदेने तसा कायदा एकमताने केला. त्याची अंमलबजावणी 2015 पासून टप्प्याटप्प्याने झाली. एवढ्या मजुरीत धंदे बुडतील अशी ओरड तेव्हा पुष्कळ झाली.

डिक्सने 2018 साली केंट या उपनगरात नवे दुकान उघडले, आणि त्यानंतर बेलव्ह्यूला आणखी एक. भाव अर्थात एकोणीस सेंटांवर राहिलेला नाही. रांग मात्र आहे.