पिंपरीची माती आणि कानातली बुरशी

कामतघरात कानाचा विषय काढला, की सगळ्यांना आधी यंत्रमागाचा खडखडाट आठवणार. पण आज मी बोलणार आहे कानातल्या बुरशीबद्दल, आणि तिच्यावर आपल्याच मातीत सापडलेल्या एका औषधाबद्दल.

पावसाळ्यात कान खाजतो, दडे बसतात. मग काडी फिरवली जाते, कोमट तेल पडतं, नाहीतर दुकानातून थेंबांची बाटली येते. त्या थेंबांत बहुधा जिवाणूंवरचं अँटिबायोटिक असतं. बुरशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. उलट, बुरशीला आवर घालणारे जिवाणूच मेले की तिला रान मोकळं मिळतं!

मग बुरशीवर औषध शोधणं अवघड का? कारण जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी, पण बुरशीची पेशी आपल्या बरीच जवळची. तिला मारायचं आणि माणसाला इजा होऊ द्यायची नाही, हे कठीण.

आता पिंपरीला चला. 1954 साली तिथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ मातीतले सूक्ष्मजीव तपासत होते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच एका सूक्ष्मजीवापासून त्यांना आणि सहकाऱ्यांना हॅमायसिन मिळालं. त्या जीवाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. म्हणजे पिंपरी हे गाव थेट शास्त्रीय नावात जाऊन बसलं.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या द्रव्याला चिकटतं. आवरण गळकं होतं आणि पेशी मरते. आपल्या आवरणात त्याजागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण बरेचसे वाचतो. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पोटातून रक्तात पोचवायचं तर ही अडचणच, पण कानात, तोंडात, त्वचेवर जिथल्या तिथं लावायला ते चालतं. म्हणून कानाच्या बुरशीवर त्याचा वापर करून पाहिला गेला.

गंमत बघा. याच कुळातल्या दुसऱ्या जीवापासून 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. त्यानं क्षयाचे असंख्य रुग्ण वाचवले, पण काहींच्या आतल्या कानाला इजा झाली, ऐकू येणं कमी झालं, तोल गेला. एक भाऊ कानाला मारक, दुसरा कानाला तारक!

म्हणून ‘अँटिबायोटिक द्या’ एवढं म्हणून भागत नाही. कशावरचं, ते आधी ठरायला हवं. डॉक्टर कानात डोकावून बुरशी आहे की पू, पडदा शाबूत आहे की नाही, हे पाहतात. बुरशी असेल तर ती आधी साफ करतात, मग औषध घालतात. हे पाहणं टाळून घातलेला थेंब म्हणजे अंधारात मारलेला दगड. तेव्हा घरी गेल्यावर कपाटातली ती जुनी बाटली तेवढी टाकून द्या.