राणीचा रुमाल, खालाचा रुमाल

विलायतेची पहिली गोष्ट आमच्या मुरुडच्या घरात आली ती बेगमसाहेबांची. जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम, नाझली रफिया. नानीला ती तिच्या आईनं सांगितलेली, आणि नानी आम्हाला सांगायची ती दर वेळी थोडी फुगवून. बेगमसाहेब बोटीत चढल्या तेव्हा धक्क्यावर दोन्ही बाजूंनी कनाती धरल्या होत्या. मुंबई मागे पडली तशी एक कनात गेली, एडन गेलं तशी दुसरी, आणि विलायतेच्या बंदरात उतरल्या त्या उघड्या तोंडानं. येताना सगळं उलट्या क्रमानं. "दर्यात पडदा सोडला, दर्यातच परत घेतला. मुरुडच्या बाजाराला काय कळलं?" असं म्हणून नानी तोंडाला पदर लावून हसायची.

कनातींचा हिशेब नानीचा. पण १९०८ साली नवाब सिदी अहमद खान यांच्याबरोबर नाझली बेगम युरोपला गेल्या आणि त्या प्रवासाचं पुस्तक त्यांनी उर्दूत लिहिलं, हे खरं आहे. त्यांच्याही आधी, १९०६ मध्ये, त्यांची बहीण अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर अध्यापनाचं शिक्षण घ्यायला लंडनला गेली होती. मुंबईच्या तय्यबजी कुळातली मुलगी. डोकं झाकलेलं, चेहरा उघडा, अशी ती लंडनभर हिंडली, आणि तिची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या बायकांच्या नियतकालिकात छापून आली. बड्या घरांच्या दिवाणखान्यांतून तिला बोलावणी यायची. डोक्यावरच्या कापडावरून तिला कोणी अडवलं नाही. नवाबाच्या मेहुणीला कोण अडवणार म्हणा.

नानी स्वतः लुगडं नेसायची, डोक्यावरून पदर. बुरखा तिच्याकडे एकच होता आणि तो मुंबईला जातानाच ट्रंकेतून निघायचा, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. खाडीत शिवल्या वेचायला जाणाऱ्या बायकांना बुरखा परवडत नव्हता. गुडघाभर चिखलात तो सावरत बसणार कोण? ज्या घरची बाई बाहेर राबत नाही त्या घरात बुरखा. बोटीवरून पैसा यायला लागला तसे गावात बुरखे वाढले. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, नानीनं एकेका घराचं नाव घेऊन सांगितलेलं आहे.

बोटीवरच्याच एका माणसाशी खालाचं, माझ्या मावशीचं, लग्न झालं. खालूनं पुढे बोट सोडली आणि बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत लागला. राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये यायला अटकाव करणारा कायदा १ जुलै १९६२ पासून लागू व्हायचा होता. तो लागायच्या आत बायकापोरांना बोलावून घ्या, अशी एकच धांदल उडाली होती, आणि खाला त्या धांदलीतच गेली. बुरखा आणू नकोस, असं खालूनं पत्रात लिहिलं होतं. तिनंही मनावर घेतलं नाही. ट्रंकेत तेवढीच जागा झाली.

गेल्या गेल्या शेजारच्या म्हातारीनं तिला एक रुमाल दिला. चौकोनी, फुलाफुलांचा, मधोमध दुमडून हनुवटीखाली गाठ मारायचा. हे सांगताना खाला आजही दोन्ही हात गळ्याशी नेऊन गाठ मारून दाखवते. "तिथं सगळ्याच बायका डोकं बांधायच्या गो," ती म्हणते. पाऊस येतो म्हणून, वळवलेले केस मोडू नयेत म्हणून, कारखान्यात पट्ट्यात बट अडकू नये म्हणून, चर्चला जायचं म्हणून. खुद्द एलिझाबेथ राणी घोड्यावर बसायची ती असाच रुमाल बांधून, आणि तिचे तसे फोटो पेपरात यायचे. खाला एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला लागली तेव्हा तिथल्या झाडून सगळ्या बायकांची डोकी बांधलेली होती. तिच्या अंगावरची एकच गोष्ट त्या देशात कोणाच्या डोळ्यावर आली नाही, ती म्हणजे हा रुमाल.

बाकी सगळं आलं. कातडीचा रंग आला, साडी आली, जिन्यात घुमणारा सुक्या बोंबलाचा वास तर आलाच आला. बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. काळ्या लोकांना खोली मिळणार नाही, असं दारावर लिहून ठेवायची तेव्हा कोणाला लाज वाटत नव्हती. बर्मिंगहॅमला लागूनच स्मेथिक आहे. १९६४ ची तिथली निवडणूक उघड उघड वर्णद्वेषावर लढली गेली आणि जिंकलीही गेली. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेहून माल्कम एक्स येऊन तिथल्या मार्शल स्ट्रीटवरून चालून गेला, आणि ओतशाळेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. रस्त्यात पोरं पाकिस्तानच्या नावानं शिवी द्यायची. खाला मुरुडची; पाकिस्तान तिनं आजतागायत पाहिलेलं नाही. "मुसलमान म्हणून आम्हाला कोणी शिवी दिली नाही. मुसलमान म्हणजे काय ते त्यांना ठाऊक तरी कुठं होतं?"

मला खालाच्या सगळ्या गोष्टींमध्ये हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. आज जो तो कापडावर बोलतो. कापडामुळे माणूस परका दिसतो, कापड काढलं की प्रश्न सुटला, असा एकूण सूर. खालानं मात्र उलटा क्रम पाहिलेला आहे. आधी माणूस परका ठरला. कापड कितीतरी वर्षांनी सापडलं.

कायद्यातही तेच दिसतं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसगाड्यांवर शीख चालक-वाहकांच्या पगडी-दाढीवरून १९६७ ते १९६९ भांडण चाललं आणि शेवटी नगरपालिकेला माघार घ्यावी लागली. मोटरसायकलवर शिखांना हेल्मेटची सूट १९७६ साली मिळाली. त्याच साली वंशभेदाविरुद्धचा नवा कायदा आला, आणि १९८३ मध्ये एका शीख शाळकरी मुलाच्या पगडीच्या खटल्यात शीख हा त्या कायद्याच्या अर्थानं एक वंशगट आहे असा निकाल लागला. मुसलमान मात्र ना एका देशाचे ना एका वंशाचे. त्यामुळे इंग्लंडात निव्वळ धर्मावरून नोकरी नाकारणं २००३ च्या डिसेंबरपर्यंत बेकायदा नव्हतं. गंमत म्हणजे लंडनच्या पोलिसांनी त्याच्या दोन वर्षं आधीच आपल्या गणवेशात हिजाब बसवून टाकला होता.

फ्रान्सची गोष्ट माझ्यापर्यंत आली ती दुसऱ्या म्हातारीकडून. खालाच्या धाकट्या मुलाची सासू अल्जेरियाची, कबिलियाच्या डोंगरातली, राहते लियोंजवळ. मला फ्रेंच येत नाही, मला कळेल असं दुसरं काही तिला येत नाही, म्हणून मध्ये तिची मुलगी. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात सैनिकांनी त्यांना घरं सोडायला लावून दुसऱ्या वस्तीत आणून बसवलं होतं. एक दिवस ओळखपत्रासाठी फोटो काढायला सगळ्यांना बोलावलं. भिंतीपाशी एक स्टूल. बायका ओळीनं उभ्या. आईची पाळी आली तेव्हा शिपायानं खुणेनं सांगितलं, डोक्याचं काढ. ही तेव्हा सात-आठ वर्षांची, आईच्या झग्याला धरून उभी. "आईचे केस मी रोज पाहत होते, तरी त्या दिवशी मान खाली घातली," ती म्हणाली. मुलीनं भाषांतर करून सांगितलं आणि मग तीही जरा वेळ गप्प बसली.

मार्क गारांजे या फ्रेंच छायाचित्रकारानं नेमकं हेच काम १९६० साली केलं होतं, सक्तीच्या लष्करी सेवेत असताना आणि वरिष्ठाच्या हुकमावरून. दहा दिवसांत सुमारे २,००० चेहरे. ते फोटो पुढे पुस्तकरूपानं आले. काहींचे केस विस्कटलेले, कापड खांद्यावर ओघळलेलं, गोंदलेली कपाळं आणि हनुवट्या, आणि नजर सरळ कॅमेऱ्याच्या आत घुसलेली. ओळख पटवण्यासाठी काढलेल्या फोटोंत इतका उघड राग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९५८ मध्ये, अल्जीयर्सच्या चौकात बायकांचे हाईक, म्हणजे अंगभर गुंडाळायच्या पांढऱ्या चादरी, उतरवण्याचे समारंभ झाले. व्यासपीठावर लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, खाली टाळ्या. तुम्ही सुंदर आहात ना, मग झाकता कशाला, अशा अर्थाची भित्तिपत्रकं लष्करानं लावली होती. एवढं करून त्या नजरेला दिसत काय होतं? सप्टेंबर १९५६ मध्ये बाँब घेऊन निघालेल्या, स्वातंत्र्ययुद्धातल्या झोहरा द्रीफ आणि तिच्या सोबतिणी युरोपियन पोरींसारखा पोशाख करून नाक्यावरून हसत हसत पार झाल्या. शिपायांना संशय यायचा तो हाईकवाल्यांचा. त्या बाँबनं कॅफेत बसलेली साधी माणसं मेली, ते काही गौरवानं सांगण्यासारखं नाही. पण कापडावरून माणूस ओळखणारी नजर तेव्हाही फसली होती.

१९६२ मध्ये अल्जेरिया सुटला आणि तिथलीच माणसं कामासाठी फ्रान्सला येत राहिली. सासूबाईंचा नवरा असाच आला. तिनं तीस वर्षं लोकांची कार्यालयं पुसली, डोक्याला रुमाल बांधून. झाडूवालीच्या डोक्यावरच्या कापडाचा प्रजासत्ताकाला कधी धोका वाटला नाही. तो वाटला १९८९ साली, पॅरिसच्या उत्तरेला क्रेय गावात, तीन शाळकरी मुली तोच रुमाल बांधून वर्गात बाकावर बसल्या तेव्हा. झाडूवालीची पोर शिकायला आली की तिचं डोकं दिसायला लागतं. त्याच वर्षी जानेवारीत इकडे ब्रॅडफर्डला रश्दींचं पुस्तक जाळलं गेलं होतं, आणि खाला म्हणते, तेव्हापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकाएकी आमचा धर्म दिसायला लागला.

पुढचं सगळं पेपरात आलेलं आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं १९८९ मध्ये सांगितलं होतं की अशी खूण घालणं मुळात सेक्युलर तत्त्वाच्या विरुद्ध नाही. तरी २००४ साली सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांवर बंदी आली. धर्म आणि सरकार वेगळं करणाऱ्या ज्या १९०५ च्या कायद्याची शपथ घेऊन हे झालं, तो आल्सास-मोझेल भागात आजही लागू नाही. १९०५ मध्ये तो मुलूख जर्मनीकडे होता, म्हणून तिथल्या पाद्र्यांचे पगार अजून सरकार देतं. त्यावर कोणाचं रक्त उसळत नाही. २०१० मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी आली, तेव्हा साऱ्या देशात नकाब घालणाऱ्या बायका सरकारच्याच अंदाजानं २,००० च्या आत होत्या. दंड १५० युरोपर्यंत. दहा वर्षांनी कोरोना आला तेव्हा मास्क नसेल तर १३५ युरो दंड, आणि जुना कायदा जागच्या जागी. सासूबाई हा हिशेब बोटांवर करून दाखवतात आणि खो खो हसतात.

हसण्यासारखं सगळं नाही. २०१६ च्या जुलैत नीसला ८६ माणसं ट्रकखाली चिरडली गेली. त्या दुःखात, त्या भीतीत, किनाऱ्यावरच्या गावांनी बुर्किनीवर, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली, आणि किनाऱ्यावर बसलेल्या एका बाईभोवती हत्यारबंद पोलीस उभे आणि ती अंगावरचा सदरा काढते आहे, असे फोटो जगभर गेले. त्याच प्रशासकीय न्यायालयानं २६ ऑगस्टला विलनव्ह-लूबे गावची बंदी स्थगित केली. आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनची मारवा अल-शेरबिनी. इजिप्तची ही औषधतज्ज्ञ हिजाब घालायची. खेळाच्या मैदानावर एकानं तिला दहशतवादी म्हटलं, तिनं रीतसर फिर्याद केली, आणि १ जुलै २००९ रोजी भर कोर्टात त्यानं तिला भोसकून मारलं. ती गरोदर होती. तीन वर्षांचा मुलगा तिथंच होता. नवरा वाचवायला धावला, त्याच्यावरही वार झाले, आणि आत आलेल्या पोलिसानं गोळी झाडली ती नवऱ्याच्या पायावर. हल्लेखोर हाच असणार असं त्याला वाटलं. त्या नवऱ्याच्या डोक्यावर तर कुठलं कापड नव्हतं.

खालाची नात डॉक्टर झाली आणि अठराव्या वर्षापासून ती डोकं बांधते. आईनं सांगितलं नाही, बापानं तर नाहीच; खालाला तर ते अजिबात पसंत नाही. "धुलाईखान्यात हात भाजून घेतले ते तू डोकं बांधावंस म्हणून?" नात म्हणते, "आजी, तू पण बांधायचीस. फोटो आहे." "तो थंडीचा होता गो!" मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत तलाकपीडित बायकांचा मोर्चा काढला तेव्हा खालूनं त्याचं कात्रण मागवून घेतलं होतं, त्या घरातली ही बाई. २०२२ मध्ये इराणात महसा अमिनी हिजाबवरून पोलिसांच्या ताब्यात गेली ती मेलीच, तेव्हा खालानं टीव्हीसमोर बसून नातीला ऐकवलं. नात इराणातल्या मुलींच्या बाजूनं बर्मिंगहॅमच्या निदर्शनाला जाऊन आली, रुमाल बांधूनच. मला विचाराल तर, मी डोकं बांधत नाही, आणि या भांडणात मी नातीच्या बाजूची आहे. सक्तीनं घालणारा आणि सक्तीनं काढणारा, दोघांनाही तिचं डोकं सरकारी मालमत्ता वाटतं.

२०१८ मध्ये बोरिस जॉन्सननी एका लेखात बुरखेवाल्या बायकांना टपालपेटीची उपमा दिली. लेख खरं तर बंदीच्या विरोधात होता. पण लोकांनी उचलली ती उपमा. पुढच्याच महिन्यात बसमध्ये एकानं नातीला 'टपालपेटी' म्हणून हाक मारली. तिचा चेहरा अख्खा उघडा होता.

कामाच्या ठिकाणी तिची अडचण निराळीच. शस्त्रक्रियेच्या खोलीत बाहेरचं कापड चालत नाही, आणि तो नियम रास्तच आहे. जंतू धर्म पाहत नाहीत. शिकाऊ असताना ती कधी बाहेर राहिली, कधी दोन-दोन टोप्या चढवून आत गेली. मग २०१९ च्या डिसेंबरात डर्बीच्या रॉयल डर्बी हॉस्पिटलनं एकदाच वापरून टाकायचे निर्जंतुक हिजाब ठेवायला सुरुवात केली, तिथल्याच एका डॉक्टर मुलीच्या खटपटीतून, आणि पुढे नातीच्या हॉस्पिटलातही त्यांची खोकी आली. तिनं आजीला दाखवायला एक घरी आणला. खालानं तो चष्म्याजवळ धरून पाहिला, शिवण ओढून पाहिली, आणि धुवायचा कसा ते विचारलं. धुवायचा नाही, फेकायचा, असं कळल्यावर तिनं किंमत विचारली, आणि मग त्या दोघी कापडावरून पुन्हा भांडल्या. या वेळी पैशांवरून.