आल्प्समधली वनहद्द: नकाशा, छायाचित्र, लेसर

देशातले वनक्षेत्र घटता कामा नये, असे ११ ऑक्टोबर १९०२ च्या स्विस वनकायद्याने बजावले. त्यामागची वाटचाल कागदोपत्री पक्की आहे: डोंगरातल्या जंगलांची दुर्दशा मांडणारा वनतज्ज्ञ एलियास लांडोल्ट यांचा १८६२ चा अहवाल, १८६८ चे महापूर आणि १८७६ चा, डोंगरी भागापुरता पहिला कायदा. पण जे घटू द्यायचे नाही ते वन नेमके कुठवर? १८७० पासून छापला जाऊ लागलेला सीगफ्रीड नकाशासंच सखल भागासाठी १:२५,००० प्रमाणात होता, आल्प्ससाठी मात्र १:५०,०००. कायद्याला ज्या डोंगरांची सर्वाधिक काळजी, तिथलाच नकाशा अधिक ढोबळ. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. एवढ्यात रानाची अख्खी कड हरवते.

पुढचा मोठा पुरावा वनखात्यासाठी तयार झालेलाच नव्हता. १९४६ मध्ये अमेरिकी लष्करी विमानांनी स्वित्झर्लंडवरून हवाई छायाचित्रे घेतली. स्विसटोपो या राष्ट्रीय नकाशा संस्थेने ती पुढे जोडून सलग चित्र केले. कृष्णधवल चित्रात झाडाची सावली आणि झाड यांत गल्लत होते, हे खरे. तरी काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे इथे कुणा नकाशाकाराने ठरवलेले नाही, म्हणून मी या चित्रांना नकाशाहून अधिक मानतो.

४ ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने व्याख्याच वेगळी केली. वनवृक्ष किंवा झुडपे असलेली आणि वनाचे कार्य करू शकणारी जमीन म्हणजे वन. ते कसे उगवले, जमीन कशासाठी वापरतात, नोंदवहीत काय लिहिले आहे, याला महत्त्व नाही. सातबाऱ्यावरची नोंद हाच शेवटचा शब्द मानणाऱ्या आपल्याला हे फार धाडसाचे वाटेल. किमान क्षेत्र २०० ते ८०० चौरस मीटर, रुंदी १० ते १२ मीटर, आणि मोकळ्या जमिनीवर नव्याने उगवलेल्या झाडीचे वय १० ते २० वर्षे, या मर्यादांत प्रत्येक कँटनने, म्हणजे स्विस घटकराज्याने, आपले निकष ठरवायचे. बागा, उद्याने, रस्त्याकडेची झाडे यांतून वगळलेली.

मग लेसर आला. विमानातून सोडलेला किरण काही अंशी शेंड्यावरून परततो, काही अंशी फांद्यांतून शिरून जमिनीवरून. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. वरच्या पृष्ठातून जमीन वजा केली की झाडीची उंची मिळते. वासर, फिशर, वांग आणि गिन्झलर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी वननकाशात वरचा पृष्ठभाग हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून काढला आहे आणि खालची जमीन लेसरवरून घेतली आहे. राष्ट्रीय वनगणनेचा निकष त्यांनी वापरला: काही अपवाद सोडता, उंची निदान तीन मीटर.

आता गुरे जायची थांबली आहेत असे उंचावरचे एखादे कुरण घ्या. तिथे हिरव्या आल्डरची झुडपे माजतात. हिमाच्या भाराने फांद्या उताराकडे वाकलेल्या, माणूस त्यातून वाट काढू शकत नाही इतकी दाट, पण उंची बेताची. लेसर ही उंची चोख सांगतो, वय सांगत नाही. सखल भागात पाच वर्षांचे रोप जेवढे वाढते तेवढे व्हायला इथे वीस वर्षेही लागू शकतात. कायदा वय विचारतो. त्याचे उत्तर मिळते ते जुनी छायाचित्रे वर्षवार लावल्यावर: अमुक साली गवत, अमुक साली ठिपके, अमुक साली सलग झाडी.

१ जुलै २०१३ पासून कँटनना, वनवाढ रोखायची असेल तिथे, बांधकाम क्षेत्राबाहेरही कायमची वनरेषा आखता येते. रेषेपलीकडे नंतर वाढलेली झाडी कायद्याने वन ठरत नाही. ती तोडायला वनतोडीची परवानगी लागत नाही. म्हणून रेषा आखताना ताज्या लेसर-मोजणीबरोबर त्या जागेची सगळी जुनी छायाचित्रेही फाइलीत लावलीच पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. एकट्या मोजणीत फक्त त्या दिवसाची उंची असते.