मिठाची जकात आणि काजूची बी

निर्यात वाढली की देश संपन्न होतो आणि आयात वाढली की तो कंगाल होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या चंदगड परिसराचा व्यापारी इतिहास पाहता हा हिशेब इतका सरळ नाही, असे दिसते.

शिवकाळी घाटमाथ्यावर मीठ कोकणातून येई. उदमी बैलांवर माल लादून घाट उतरत व येताना मीठ आणीत. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि तेथील मीठ स्वस्त पडे. उदमी तिकडे वळले, तर स्वराज्यातील मिठाचा उदीम बुडेल आणि जकातीचे उत्पन्नही घटेल, हे छत्रपती शिवाजी महाराजांनी ओळखले. इ. स. १६७१ मध्ये त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवून बारदेशी मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. जकातीसह ते मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त राहू नये, हा त्यामागील विचार होता. स्वदेशी उत्पादकाच्या रक्षणाचे हे उत्तम उदाहरण होय.

काजूचा हिशेब मात्र निराळा आहे. मूळचे ब्राझीलचे हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणले. आज चंदगड-आजरा भागात काजूच्या बागा आहेत आणि बी फोडून गर काढणारे कारखानेही आहेत. देशातील कारखान्यांची भूक देशी पिकाने भागत नाही. म्हणून कच्ची बी आफ्रिकेतून आणावी लागते. तिचा गर काढून भारताने अनेक दशके परदेशी चलन मिळविले. येथे आयात हीच निर्यातीची जननी ठरली. परंतु ऐन हंगामात परदेशी बी स्वस्त उतरली, तर आपल्या बागायतदाराचा दर पडतो. ती अडविली, तर कारखान्यात राबणाऱ्या भगिनींचे काम थांबते. म्हणून आयात-निर्यातीची केवळ वजाबाकी पुरेशी नाही. कोणाच्या हाताला काम मिळाले आणि कोणाचे गेले, हेही पाहिले पाहिजे.

व्यापारी म्हणून आपल्यापुरता धडा जुनाच आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाबरोबरच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे. राज्याचे निर्बंध ओलांडून, जकात चुकवून केलेला व्यापार त्यात मोडतो. जकात किती असावी, हे राज्याने ठरवावे. ती न चुकविणे हा श्रावकाचा धर्म आहे. देशाचा ताळेबंद अखेर अशा प्रामाणिक वह्यांवरच उभा राहतो.