युद्धविमानांच्या प्रतिकृती व त्यांवरील क्रमांक

नकलकार पोथी उतरून घेताना मूळ प्रतीच्या अखेरचा शकही पुष्कळदा तसाच उतरतो, आणि पुढील अभ्यासक त्यासच नकलेचा काळ समजून फसतो, हे संग्राहकांस नव्याने सांगावयास नको. संग्रहालयांतील युद्धविमानांच्या बाबतीतही हाच धोका संभवतो, हे आम्ही येथे निदर्शनास आणू इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धातील अस्सल स्पिटफायर विमाने ब्रिटिश हवाई दलाच्या तळांच्या दाराशी अनेक वर्षे उघड्यावर उभी होती. १९८९ च्या सुमारास त्यांतील काही उतरवून त्यांच्या जागी फायबरग्लासच्या प्रतिकृती बसविण्यात आल्या. अशा प्रतिकृतीवर बहुधा एखाद्या खऱ्या विमानाचा क्रमांक व पथकाची अक्षरे रंगविलेली असतात. ते विमान कदाचित वैमानिकासह नष्टही झालेले असते.

दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयातील हरिकेन मात्र अस्सल आहे. याच जातीची विमाने घेऊन अर्जनसिंग यांचे पहिले पथक १९४४ मध्ये इंफाळच्या रणात लढले.

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्याचे चार चिरे बदलले म्हणून तो दरवाजा नकली ठरणार नाही. तद्वत डागडुजी केलेले विमानही अस्सलच होय. परंतु तोच दरवाजा अन्यत्र नवा उभारल्यास त्यावर तसे लिहिणे अवश्य आहे. प्रतिकृती त्याज्य नव्हे. आकार व प्रमाण तिच्यावरून कळते. मात्र घडणीचे साल, द्रव्य व मूळ विमानाची हकीकत फलकावर नसेल, तर तिच्यावरील क्रमांक पुरावा म्हणून स्वीकारू नये, असे आमचे मत आहे.