कळफलक आणि बाराखडी : रत्नागिरीशी निगडित एक लिपिप्रकरण

व्यापाराचे यंत्र ज्या देशात घडते, त्या देशाची लिपी त्यात गृहीत धरलेली असते. 1873 साली अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने शोल्स यांचे टंकलेखन यंत्र बनविण्याचे पत्करले. त्या पहिल्या यंत्रावर केवळ मोठी रोमन अक्षरे उमटत. तथापि इंग्रजी पत्रव्यवहारास तेवढ्यावरही भागत असे. जपानी कचेरीचे तसे भागणे शक्य नव्हते. 1915 साली सुगिमोतो क्योता यांनी सिद्ध केलेल्या जपानी यंत्रात सुमारे 2,400 चिन्हांचे खिळे होते. तेथे लिपी कायम राहिली व यंत्राने आपला आकार बदलला.

महाराष्ट्रात याच्या उलट घडू पाहत होते. कोकणातील खोताचे दप्तर वा पेढीची रोजकीर्द आणि खतावणी मोडीत लिहिली जाई. आधी ओळीची रेघ ओढावी आणि मग बोरू शक्यतो न उचलता शब्दांना शब्द जोडीत जावे, ही मोडीची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तीत पाळला जात नसे. हातास जे सोयीचे तेच खिळ्यास अडचणीचे ठरले. विल्यम केरी यांचा 1810 चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला हे खरे, परंतु छापखान्यात पुढे बालबोधच रूढ झाली.

बालबोधीचे खिळे मात्र शेकड्यांनी मोजावे लागत. उलट टंकलेखन यंत्रास कळा चाळीस-पंचेचाळीस. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. पुढे 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा अक्षरे वगळून ‘अ’लाच त्या त्या स्वराची खूण जोडावी, म्हणजे अि, अी, अु असे लिहावे, ही त्यांतील प्रमुख सूचना. ती विक्षिप्त मानणारांनी ‘ओ’ आणि ‘औ’ यांकडे पाहावे. तेथे ‘अ’ची बाराखडी आपण पूर्वीपासूनच चालवीत आलो आहोत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने सूचना निर्दोष होती. अडली ती वाचकाच्या डोळ्यांच्या सवयीपाशी.

1953 च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे आणण्याची शिफारस केली. उच्चारात मागून येणारा स्वर लेखनात आधी यावा, ही यंत्राची खरी अडचण होती. शिफारस टिकली नाही. संगणकाच्या युनिकोड संकेतात वेलांटी उच्चारक्रमाने व्यंजनानंतरच नोंदली जाते आणि तिला डावीकडे नेऊन बसविण्याचे काम यंत्र करते. ज्या कारणास्तव लिपी बदलावयाची होती, ते कारणच त्यामुळे उरले नाही.

मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते 2014 साली. खोती 1949 च्या कायद्याने संपली; तिच्या दप्तरांतील मोडी वाचू शकणारा मात्र वारसांना आता शोधून आणावा लागतो.