बत्तीस जणांतला एक

परवा मंडईत वाटाणे घेता घेता लेकीने विचारलं, "बाबा, या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव का?" मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. मग घरी येऊन पुस्तकं काढली.

जोतीराव 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हे हं, सरकारने नेमलेले. सामान्य पुणेकराला मत वगैरे काही नव्हतंच. दरम्यान व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचा होता. (1876-78 चा भीषण दुष्काळ याच्याच कारकिर्दीतला!) त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा ठराव सभेपुढे आला. 32 सभासदांपैकी विरोधी मत एकट्या जोतीरावांचं. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. सरकारनेच दिलेल्या खुर्चीत बसून सरकारच्या पाहुण्याला नाही म्हणायचं!

गंमत म्हणजे 1886 ला सुरू झालेल्या या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोधच होता. तेव्हा ती 'रे मार्केट' होती, गव्हर्नरच्या नावाची. फुल्यांचं नाव लागलं ते पुढे, आचार्य अत्रे नगरसेवक असताना.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत रोषणाईचा खर्च मंजूर झाला. वॉचमनची पगारवाढ पुढच्या सभेवर गेली. मला पटलं नव्हतं, पण मी पंख्याकडे बघत बसलो होतो.

लेकीला हे सगळं सांगितलं. सोसायटीचं सोडून.